दादाचा रस्ता, क्योतो ते समुद्र

आमच्या आईबापांनी आयुष्यात एकच रस्ता बांधला आणि तो कुठंच गेला नाही. बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यात सरकारनं कामं काढली, तेव्हा सगळं गावच खडी फोडायला गेलं, त्यात आमची आई आणि अप्पाही होते. मी लहान होते. काठ्यांवर टाकलेल्या पोत्याच्या सावलीत मला बसवलेलं असायचं आणि दिवसभर हातोड्यांचा आवाज चालायचा. दादा शाळा सोडून पाट्या उचलायला जायचा. घरी मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, ती घशाखाली उतरायची नाही, म्हणून आई ती पाण्यात भिजवून द्यायची. कामावर सुकडीचा गोड भुगा मिळायचा, ती सुकडी दादा खिशातून माझ्यासाठी आणायचा आणि तिला खडीची धूळ लागलेली असायची. पुढं पाऊस पडला, काम बंद झालं, आणि रस्ता ओढ्यापाशी येऊन थांबला तो थांबलाच. पूल कधी झाला नाही. त्या रस्त्यावर नंतर लोक मिरच्या वाळत घालायचे. अप्पांच्या हाताची बोटं त्या कामानं वाकडी झाली ती शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. कुणी रस्त्याचा विषय काढला की म्हणायचे, "खडी आमी चांगली फोडली हुती. म्होरं न्यायचं काम सायबाचं."

तो दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ दत्तात्रय, या जानेवारीत कॅनडात, कोक्विटलामला वारला. दोन महिने होत आले. ऑक्सिजनचं मशीन कंपनीची माणसं येऊन घेऊन गेली, कार्पेटवर त्याचा चौकोन तेवढा उठला आहे. शालनवहिनी त्या चौकोनाला वळसा घालून चालते. मी रोज संध्याकाळी कामावरून तिच्याकडं जाते, भाजी ठेवते, दोघी टीव्हीसमोर बसतो, टीव्ही बंदच असतो. इथल्या मराठी मंडळात दादाला सगळे "जपानवाले" म्हणायचे. गणपतीला मांडवाचे बांबू तिरके लागले की तो खाली बसून एक डोळा मिटायचा आणि पोरांना पुन्हा काढायला लावायचा, एवढंच बहुतेकांना त्याच्याबद्दल ठाऊक. म्हणून लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. माझं आयुष्य हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेलं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी कधी दबक्या आवाजात सांगितलेलं नाही. पण घराबाहेर पडून शिकता येतं हे आधी दादानं दाखवलं. दुष्काळ सरल्यावर तो पुन्हा शाळेत बसला, आपल्याहून लहान पोरांच्या मागं, आणि पुढं कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला. डिग्रीला जायची त्याची इच्छा होती, मार्कही होते. तो नोकरीला लागला आणि डिग्रीला मी गेले. यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. एकदाच, मी बी.एस्सी.चा निकाल सांगायला त्याच्या साइटवर गेले होते, तेव्हा त्यानं मुकादमाला हाक मारून सांगितलं, "ही माझी बहीण. हिला आता 'बाई' म्हणायचं, 'पोरी' नाही."

सह्याद्रीतल्या एका वीजप्रकल्पाच्या बोगद्यावर दादा सर्व्हेचं काम करत होता. बोगदा दोन्ही बाजूंनी खणत येतात आणि मधोमध जुळवतात, त्या जुळणीची रेघ धरायचं काम त्याचं. तिथं आलेल्या जपानी इंजिनियरांनी त्याला पाहिलं आणि काही वर्षांनी तिकडं बोलावून घेतलं. क्योतो हे मोठं शहर डोंगरांच्या आत आहे. तिथून उत्तरेला समुद्रापर्यंत, मियाझू नावाच्या गावाकडं, एक द्रुतगती मार्ग व्हायचा होता. त्याचं पूर्ण नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, आमच्या घरी तो "दादाचा रस्ता" होता. मधे सगळे डोंगर, धुकं, भाताची छोटी खाचरं आणि म्हातारी माणसं राहिलेली गावं. समुद्राकडच्या बाजूच्या एका बोगद्यावर दादा लागला. वहिनी तिकडंच नांदायला गेली, त्यांची मुलगी मुग्धा तिकडंच झाली.

मी लग्न होऊन कॅनडात आले होते. नव्वदच्या दशकात एकदा भारतात जाताना वाट वाकडी करून मी त्यांच्याकडं राहिले. दादा मला काम दाखवायला घेऊन गेला. बोगद्याचं काळं तोंड, आतून येणारी गार हवा, तोंडावर देवासाठी बांधलेल्या दोरीला कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या. मी हेल्मेट घालून आत पाऊल टाकणार, तोच एक म्हातारा मुकादम पळत आला आणि छातीवर हातांची फुली करून माझ्यासमोर उभा राहिला. दादाशी बराच वेळ बोलला, अगदी मऊ आवाजात, सारखं वाकून.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"बायकांना आत नेत नाहीत. डोंगराची देवी बाई आहे. दुसरी बाई आत आली की तिला राग येतो."

"आणि मग बोगदा पडतो?"

"पडतो असं नाही. पण उद्या काय झालं तर तुझं नाव निघेल."

"दादा, मी सायन्सची ग्रॅज्युएट आहे. मला देवीचा राग सांगतोस?"

"मला सांगू नकोस," दादा म्हणाला, "मला उद्या परत यांच्याबरोबरच आत जायचंय."

मी बाहेर चिखलात उभी राहिले आणि तो आत गेला. परतताना मी गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "सुमे, रस्ता झाला की तो सगळ्यांचा असतोय. मग तुला न्हेतो आरपार. तू चालव गाडी, मी शेजारी बसतो." मी म्हटलं, "बघू." पण ते दोघांच्याही मनात राहिलं.

त्यांच्याकडं दोन बाजूंचं खोदकाम एकमेकांना भेटलं की समारंभ करतात. शेवटच्या सुरुंगाचे दगड जपून ठेवतात आणि भेट म्हणून देतात. घरात कुणी गरोदर असेल, कुणाची परीक्षा असेल, तर तो दगड लाभतो म्हणतात, कारण त्यानं आरपार जायला वाट दिलेली असते. दादानं असा एक दगड रेशमी पिशवीत घालून गावी आईला पाठवला. आईनं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि फोनवर त्याला म्हणाली, "जल्मभर दगडं फोडली, आता म्हातारपणी पुजू व्हय रं?" दादा इतका हसला की फोन वहिनीला द्यावा लागला. आईनं तो दगड पुढं दारात अडणा म्हणून वापरला. चांगला जड होता.

बोगदा आरपार झाला, पण रस्ता काही झाला नाही. कधी पैसा थांबायचा, कधी जमीन, कधी मधलाच डोंगर नको म्हणायचा. तुकडा इकडं सुरू, तुकडा तिकडं. दादाचा करार संपला तेव्हा त्याच्या बोगद्यातून अजून गाड्या जात नव्हत्या. मुग्धाचं शिक्षण इंग्रजीत व्हावं म्हणून आणि मी इथं होते म्हणून ते तिघं कोक्विटलामला आले, आमच्या बेसमेंटमध्ये राहिले. डिप्लोमा आणि जपानचा अनुभव, दोन्ही इथं कुणाला कळेना. सगळे "कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का" विचारायचे. मग त्यानं फ्लॅगिंगचा, म्हणजे रस्त्याच्या कामापाशी गाड्या थांबवायचा, कोर्स केला आणि लोहीड हायवेवर, पावसात, हातात पाटी घेऊन उभा राहू लागला. एका बाजूला स्टॉप, दुसऱ्या बाजूला स्लो. मी कामावर जाताना कधी कधी त्याच्यासमोरच माझी गाडी थांबायची. तो ओळख दाखवायचा नाही. घरी आल्यावर म्हणायचा, "आज तुला मुद्दाम जास्त वेळ थांबवली. तुझं इंडिकेटर चालू नव्हतं." दोन-तीन वर्षांनी बर्नबीतल्या एका छोट्या फर्मनं त्याला इन्स्पेक्टर म्हणून घेतलं आणि तिथूनच तो निवृत्त झाला. त्या फ्लॅगिंगच्या दिवसांबद्दल लोक हळहळायचे. दादाला ते आवडायचं नाही. "रस्त्यावरच होतो की," म्हणायचा.

त्याची एक सवय मात्र जपानची होती. तिथं साइटवर काही तपासलं की त्याकडं बोट दाखवायचं आणि मोठ्यानं "योशी" म्हणायचं, म्हणजे पाहिलं, ठीक आहे. दादा गॅस बंद करून बोट दाखवायचा, योशी. दाराला कुलूप, योशी. कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून मागं बोट, योशी. मुग्धा लाजेनं सीटवर खाली सरकायची, "डॅड, पीपल आर लुकिंग." ... आता वहिनी झोपायच्या आधी स्टोव्हच्या चारी बटणांना बोट दाखवते. आवाज करत नाही, नुसते ओठ हलतात.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात त्या रस्त्याचा राहिलेला मधला तुकडा सुरू झाला. जुन्या सहकाऱ्यानं दादाला फोटो पाठवले. तेव्हा त्याच्या फुप्फुसांचं दुखणं सुरू होऊन वर्ष झालं होतं. फुप्फुसं आतून कडक होत जातात, त्याला मागं फिरणं नसतं. लॅबमध्ये असल्यानं मला रिपोर्ट वाचता यायचे आणि ते वाचता येतात याचा मला पहिल्यांदा कंटाळा आला. दादा जेवणाच्या टेबलाशी फोन धरून बसला होता. म्हणाला, "जुळला बघ. सगळा जुळला. एकदा समुद्रापर्यंत जाऊन यायचं."

त्यानंतर वर्षभर घरात हाच एक विषय. वहिनीचा ठाम नकार होता. "रस्ता काय पळून चाललाय?" ती म्हणायची. दादा म्हणायचा, "रस्ता नाही, मी." टोरांटोकडं वॉनला नोकरी करणारी मुग्धा फोनवर म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट अ रोड. यूट्यूबवर बघ ना, कुणीतरी डॅशकॅम लावला असेल." त्यानं तेही पाहिलं, पण अर्ध्यात बंद केलं. "हा माणूस फार फास्ट चालवतोय." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जायचं तर हिवाळ्याआधी, बॅटरीवरचं छोटं मशीन बरोबर घेऊन. हिवाळ्यानंतरचं ते काही बोलले नाहीत. त्या रात्री वहिनी माझ्या किचनमध्ये आली आणि म्हणाली, "सुमनताई, वाटेत काही झालं तर मी परक्या देशात काय करू?" मी म्हटलं, "वहिनी, तू तिथं दहा वर्षं राहिलीस. परका देश हा आहे." ती पहिल्यांदाच जरा हसली, आणि मग बॅग भरायला तयार झाली.

ऑक्टोबरात आम्ही तिघं गेलो. नव्या रस्त्यावर जायचं म्हणून वहिनीनं बॅगेत शेंडीचा नारळ घेतला होता, तो ओसाकाच्या विमानतळावर अडवला. "देवाला आहे म्हणून सांगा त्यांना," वहिनी दादाला म्हणाली. दादानं जपानीत सांगितलं. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं, वाकून नमस्कार केला, आणि नारळ ठेवून घेतलाच.

क्योतोतून भाड्याच्या गाडीनं निघालो. मी चालवत होते, शेजारी दादा, मागं वहिनी मांडीवर मशीन घेऊन. मी गाडी शिकले ती कॅनडात, उजवीकडून. तिथं सगळं डावीकडून, आणि इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू. "पाऊस नाही, सुमन," दादा दर वळणावर म्हणायचा. शहर मागं पडलं आणि धुकं आलं, डोंगरांच्या कमरेला बांधल्यासारखं. नाव द्रुतगती, पण बऱ्याच भागात एकच लेन जायची आणि एक यायची. मी म्हटलं, "दादा, यासाठी एवढी वर्षं?" तो म्हणाला, "माणसं कमी आहेत म्हणून काय झालं. त्यांनाही दवाखाना लागतो, पोरांना घरी यायला लागतं." मग नवा जोडलेला तुकडा आला. हा त्याच्या हातचा नव्हता, तरी कठड्यांकडं, पाण्याच्या गटारांकडं बघत होता. एकदा बोट उचललं, पण बोलायला श्वास पुरला नाही.

त्या रस्त्यालगतच एक विश्रांतीची जागा आहे, गावातले लोक तिथं शेतातला माल विकतात. काळ्या सोयाबीनच्या ओल्या शेंगा, चेस्टनट, भोपळे. वहिनीनं भोपळा विकत घेतला. नारळ नाही तर भोपळा, आपल्याकडं कोहळा फोडतात तसा. पण जपानी भोपळा हिरवा, चपटा आणि दगडासारखा. तिनं कुंकू लावलं आणि पार्किंगच्या कडेच्या दगडावर आपटला. भोपळा उडून घरंगळत एका गाडीखाली गेला. तो काढला, पुन्हा आपटला, पुन्हा गेला. दादा गाडीचं दार उघडं टाकून बसला होता. म्हणाला, "अगं, खडी फोडणाऱ्याची सून ना तू?"

"मग या तुम्हीच," वहिनी म्हणाली, "दाखवा घराण्याचं कसब."

एवढ्यात दुकानातले आजोबा बाहेर आले. त्यांना वाटलं, बाईंना भोपळा कापून हवाय. त्यांनी तो अदबीनं आत नेला, सुरीनं बरोबर मधून दोन फाका केल्या, बिया काढल्या, कुंकू पुसून स्वच्छ केला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन्ही हातांनी परत दिला. वहिनीचं तोंड बघून दादाला हसू आवरेना. बऱ्याच महिन्यांत तो असा हसला नव्हता. हसता हसता खोकला आला आणि तो थांबेना.

मशीन वाढवलं. बोटावरच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा खाली खाली चालला होता. ओठ निळसर झाले. मी त्याच्या पाठीशी हात धरून उभी, आजोबा गरम पाणी घेऊन आले, वाकून काहीतरी विचारत होते. दवाखान्याबद्दल असावं. दादानं मान हलवून नको म्हटलं. हळूहळू आकडा थोडा चढला, पण पहिल्यासारखा नाही. तो डोळे मिटून मागं टेकला. समुद्र अजून पुढं होता, त्याचा बोगदाही पुढं. क्योतोतली मोठी हॉस्पिटलं मागं. मी लॅबमधली बाई, मला माहीत होतं की शहाणपण कुठल्या बाजूला आहे. मी किल्ली हातात घेऊन उभी राहिले. दादानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं नाही, वहिनीकडं बघितलं. काही मागितलं नाही... नुसतं बघितलं.

वहिनीनं रस्ता बघितला, मशीनची बॅटरी बघितली, त्याच्या गळ्यातला मफलर नीट केला. ही तीच बाई, जिनं वर्षभर नको नको म्हटलं होतं.

"ताई, पुढंच घ्या," ती म्हणाली. "आता मागं नेऊन यांना मी काय सांगू?"

मग मी गाडी पुढं घेतली. मशीनचा टिकटिक आवाज तेवढा चालू होता. मी फार हळू चालवत होते, मागं गाड्यांची रांग लागली, कुणी हॉर्न दिला नाही. धुकं विरळ झालं. मग एका वळणानंतर दादानं हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि मला कळलं की हाच तो. तोंडावर काँक्रीट, वर हिरवळ, नावाची पाटी. कुणी हातांची फुली करून उभं नव्हतं. आम्ही आत शिरलो. पिवळे दिवे एकामागून एक त्याच्या चेहऱ्यावरून जात होते. तो एकटक समोर बघत होता आणि मी मधेमधे त्याच्याकडं. दोन मिनिटं लागली असतील, कमीच.

बाहेर उजेडात आल्यावर वहिनीनं मागून विचारलं, "झाला? एवढाच?"

"एवढाच," दादा म्हणाला.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "सुमे, रेघ सरळ होती. बघितलंस ना?" मी म्हटलं, "बघितली." मला खरं तर डोळ्यांतल्या पाण्यानं दिव्यांच्या रेघाच दिसल्या होत्या, पण त्या सरळ होत्या.

मियाझूला पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. दादाला गाडीतून उतरवण्यात अर्थ नव्हता. धक्क्याजवळ गाडी लावली, काच खाली केली. समुद्र अगदी शांत, तळ्यासारखा. वहिनीनं पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दादानं थोडी खाल्ली. त्याला फार थकवा आला होता, मलाही. तिघंही तिथंच थोडा वेळ झोपलो, मी स्टिअरिंगवर डोकं टेकून.

परत आल्यावर तीन महिन्यांत तो गेला. लोक मला विचारतात, एवढा प्रवास केला नसता तर अजून काही दिवस मिळाले असते का. मिळाले असते कदाचित. मी रिपोर्ट वाचणारी आहे, मी नाही म्हणणार नाही. पण क्योतोपासून समुद्रापर्यंतचा रस्ता पूर्ण झाला आहे, मधे कुठंही तुटलेला नाही. आमच्या घरातली तीन माणसं रस्त्याच्या कामावर गेली. त्यांतला एकटा दादा स्वतः केलेल्या रस्त्यावरून शेवटपर्यंत गेला.